कुत्र्यामांजरांचा येसाजी

येसाजी थळे मुंबईला गेला तो गिरणीत लागायला. चौलच्या आगरांच्या कडेला त्यांचं घर होतं, घरची खारवटीतली भातशेती होती, पण भाऊ तिघे आणि शेत एक. म्हणून विशीतला येसाजी धरमतरहून बोटीत बसला. निघताना मामाने सांगितलं होतं, “परळला मोठं फाटक दिसंल, दारात पठाण असंल. त्याला कामाला लावणाऱ्या जॉबरचं नाव सांग, तो आत सोडंल.”

येसाजीला फाटक दिसलं, पठाणही दिसला. तो जॉबरचं नाव सांगणार एवढ्यात आतून एक पांढरा घोडा दोर तोडून उधळत आला. पठाण बाजूला झाला. येसाजीने लहानपणापासून बैल धरलेले. त्याने विचारबिचार केला नाही, घोड्याच्या तोंडावरचा मोरखा पकडला, मानेवर थोपटलं आणि ‘हो राजा, हो’ करत त्याला आत नेऊन बांधलं. तिथल्या साहेबाने त्याला त्याच दिवशी ठेवून घेतलं. गिरणीत इतके घोडे, शेळ्या आणि कुत्री कशाला लागतात, याचं येसाजीला दिवसभर कोडं पडलं होतं. ते जनावरांचं इस्पितळ होतं, हे त्याला जेवायला बसल्यावर शेजारच्याने हसत हसत सांगितलं.

गिरणी राहिली ती राहिलीच. घोड्यांकडून त्याची बदली कुत्र्यामांजरांच्या खोल्यांकडे झाली आणि तिथे त्याला एक म्हातारे पारशी डॉक्टर भेटले. सगळे त्यांना बावाजी म्हणत. बावाजींची नजर अधू होत चालली होती, पण बोटं शाबूत होती. जनावर टेबलावर घेतलं की ते डोळे मिटून त्याचं पोट चाचपत.

“माणूस खोटा बोलते, येसा,” ते म्हणायचे. “कुत्रा खोटा नाय बोलते. पण तू त्याला नीट विचार.”

येसाजी विचारायला शिकला. जेवल्याबरोबर ओकलं की बऱ्याच वेळाने ओकलं, हा पहिला प्रश्न. शी काळी डांबरासारखी आहे की वर ताजं रक्त आहे, हा दुसरा. पोट दाबल्यावर कुत्रं पाठ कमान करतं का, पुढचे पाय टेकून मागचं अंग वर धरतं का, हिरड्या गुलाबी आहेत की पांढऱ्या फटक, हे त्याच्या बोटांना आणि डोळ्यांना सवयीचं झालं. उजव्या बरगडीच्या कडेखाली बोट सरकवलं की काळजाची, म्हणजे यकृताची, कड लागते का आणि लागलीच तर ती धारदार आहे की सुजून बोथट झालीये, हे कळायला मात्र त्याला फार काळ गेला. कळलं त्या दिवशी बावाजींनी त्याला स्वतःच्या डब्यातला मावा खायला दिला.

आणखी एक गोष्ट बावाजींनी त्याच्याकडून पाठ करून घेतली होती. पोट बिघडलेल्या धडधाकट कुत्र्याला एक दिवस उपाशी ठेवलं तर त्याचं भलंच होतं. मांजराला उपाशी ठेवायचं नाही. लठ्ठ मांजराने खाणं सोडलं की त्याचं काळीजच बिघडतं आणि मग मूळ दुखणं बाजूला राहतं.

एकदा बावाजींनी जंत झालेल्या कुत्र्याला कसलीशी तांबूस पूड दिली. येसाजीने वास घेतला आणि तो हसायलाच लागला.

“काय झाला?”

“बावाजी, ही तं सुपारी! आमच्या चौलची पोरं हिच्याशी गोट्यांसारखी खेळतात.”

“तर मग तुझ्या गावचा कुत्रा लय नशीबवान,” बावाजी म्हणाले.

पुढे येसाजीचा थोरला भाऊ वारला, मधला बायकोच्या माहेरी नागावला जाऊन राहिला आणि शेत कसायला कोणी उरलं नाही. येसाजी बायकोला, ठमाबाईला घेऊन गावी परतला. एव्हाना बावाजीही देवाघरी गेले होते. येसाजीच्या ट्रंकेत दोन धोतरं, एरंडेलाची बाटली आणि पातळ औषध पाजायचा शिंगाचा चमचा, एवढीच काय ती मुंबईची कमाई.

गावाने त्याला आधी हसून घेतलं. गुरांचं बघणारे वैदू गावोगाव होते, माणसांना कुडाची साल आणि बेलफळ देणाऱ्या म्हाताऱ्या होत्या. पण कुत्र्याची जीभ बाहेर ओढून बघणारा माणूस कोणी पाहिला नव्हता. ठमाबाईलाही लाजल्यासारखं व्हायचं.

“अवो, बाजारातून जाताना सरळ जावा की,” ती म्हणायची. “परत्येक कुत्र्यापाशी काय बसता? लोकं मना इचारतात, तुजा घोव काय हरवलंय म्हणून शोधतो का?”

हसणं थांबलं ते अंबाजीच्या कुत्र्यामुळे. अंबाजी एका मोठ्या सुपारीच्या वाडीचा राखणदार. त्याचा कुत्रा ढोलासारखं पोट आणि काड्यांसारखे पाय घेऊन वाडीत फिरायचा. कितीही खाल्लं तरी अंगी लागत नव्हतं. येसाजीने शेपटीखाली पाहिलं, तिथे तांदळाच्या दाण्यांसारखे तुकडे चिकटलेले होते. पट्टीचे जंत. त्याने अंबाजीच्याच खळ्यावरची जुनी सुपारी उचलली, कुटली, अगदी बेताने गुळात घालून सकाळी अनशापोटी कुत्र्याला चारली आणि स्वतः त्याच्याजवळ बसून राहिला. दुपारपर्यंत कुत्र्याच्या पोटातून जे पडलं ते बघायला अर्धी आळी गोळा झाली. अंबाजी कपाळाला हात लावून म्हणाला, “आरं, मी हिची पोती वाहतो रं जल्मभर!”

“मांजराला मात्र देऊ नको,” येसाजीने सगळ्यांना बजावलं. “मांजराला सोसत न्हाय. आणि कुत्र्यालाबी मना इचारल्याबिगर न्हाय.”

त्यानंतर लोक यायला लागले. काटा अडकलेली, कुजलं खाऊन ओकणारी, वाळल्या माशांची डोकी खाऊन पोट दगडासारखं झालेली कुत्री यायची. येसाजी बघायचा, एरंडेल किंवा ताकाची निवळ द्यायचा, बहुतेकांना नुसतं लंघन सांगायचा. कोणी भोपळा दिला, कोणी मूठभर सुकट. ठमाबाईने ओसरीचा एक कोपरा शेणाने वेगळा सारवून ठेवला आणि तिथलं जनावर घरात येता कामा नये, एवढीच अट घातली.

मिठाच्या सत्याग्रहाच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. आषाढ सरत आला होता. आगरांच्या पलीकडे खाडीच्या तोंडाशी कोळीवाडा होता. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, वर झापांचं छप्पर, आणि घराघराच्या माळ्यावर जाळी ठेवलेली. नारळी पुनवेला नारळ सोडायचा आणि होड्या पाण्यात लोटायच्या, म्हणून डागडुजीची घाई चाललेली. अशा वेळी कोळीवाड्यात जाळ्यांइतकीच किंमत मांजरांना असते. मांजर नसलं तर उंदीर माळ्यावर चढतात, आणि हंगामाच्या तोंडावर सुताच्या जाळ्याला भोकं पडली तर बायकांनी पावसाळाभर केलेलं विणकाम फुकट.

सोनाबाई नावाची म्हातारी कोळीण एके सकाळी मांजर पदरात गुंडाळून येसाजीच्या ओसरीवर आली. तिचा मुलगा धर्माजी कोळीवाड्यातला मोठा तांडेल, दोन होड्यांचा मालक.

“येसा, बाला, माझ्या भुरीला बघ रं,” ती म्हणाली. “कालपासून वकतंय. मावरं पुढं ठेवलं तरी तोंड फिरवतंय. मांजराने मावऱ्याला तोंड फिरवलं म्हंजे काय ऱ्हायलं?”

येसाजीने भुरीला गोणपाटात गुंडाळलं, नुसतं डोकं बाहेर ठेवलं. आधी डोळे पाहिले.

“डोळं पिवळं दिसतात,” ठमाबाई मागून म्हणाली.

“मांजराचं डोळं पिवळंच असतात गं,” सोनाबाई म्हणाली.

“बुबुळ न्हाय बघायचं,” येसाजी म्हणाला. त्याने भुरीच्या कानाची पाळी उलटी करून उजेडात धरली. आतली पातळ कातडी हळद लावल्यासारखी दिसत होती. हिरड्याही तशाच. मग गोणपाटाखालून हात घालून त्याने बरगडीची कड शोधली. भुरी गुरगुरली आणि अंग आखडून घेतलं. “काळीज सुजलंय, सोनाबाय. कावीळ हाय.”

“मांजराला कावीळ?” सोनाबाईने तोंडाला पदर लावला. “आणि काळीज म्हंजे रं?”

“मुशीचं ज्याचं तेल काढता तुमी, तेच. ते सगळ्यांना असतं.”

हे सोनाबाईला लगेच पटलं. मुशी माशाचं काळीज केवढं असतं ते तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं!

त्याच आठवड्यात अशी आणखी मांजरं आली. सगळी कोळीवाड्यातली, सगळी ओकणारी, पिवळी. येसाजी विचारात पडला. परळला एका पावसाळ्यात उंदरांच्या मुतापासून कुत्र्यांना कावीळ झालेली त्याने पाहिली होती. एका खोलीतल्या कुत्र्यामागून कुत्री पिवळी पडत गेली होती. इथेही उंदीर होते, पाऊस होता. त्याने मनाशी पक्कं केलं की हे तेच, आणि एकाचं दुसऱ्याला लागतंय. कोळीवाड्यात जाऊन त्याने सांगितलं, “परत्येक मांजर वेगळं ठेवा. एकमेकांत मिसळू देऊ नका.”

कोळीवाड्यातली मांजरं मग कोंबड्यांच्या डाल्याखाली गेली, मासळीच्या पाट्यांखाली गेली. ज्यांच्याकडे डालं नव्हतं त्यांनी मोठं टोपलं उपडं घालून वर वरवंटा ठेवला. मांजरांनी जो सूर लावला तो पार आगरांपर्यंत ऐकू येत होता. खंडोबाच्या देवळात भजनाला बसलेल्या मंडळींनी टाळ खाली ठेवले, कारण कोण कोणाला साथ देतंय तेच कळेना. सोडलेल्या कोंबड्या घराघरांत शिरल्या. उंदरांची तर चैन झाली. आणि एवढं करूनही जी मांजरं डाल्यांतून निसटून भटकत होती, ती आजारी पडतच होती.

चौथ्या-पाचव्या दिवशी धर्माजीचा बोका मेला. वाघासारखा पट्ट्यापट्ट्यांचा, होडीच्या नाळेवर, अगदी पुढच्या टोकाला, बसून धर्माजीबरोबर खाडीच्या तोंडापर्यंत जाणारा बोका. धर्माजीने त्याला स्वतःच्या हाताने माडाखाली पुरलं आणि सरळ येसाजीच्या ओसरीवर आला. धिप्पाड माणूस, पण डोळे सुजलेले.

“तुजा हात लागला नि माजा बोका गेला,” तो म्हणाला. “आता आमच्या वाड्यात पाय ठेवू नको.”

 धर्माजी गेल्यावर येसाजी भिंतीला टेकून बसला. ठमाबाईने भाकरी वाढली, ती त्याने पुढ्यातून सरकवली.

“त्या बोक्याला मीच डाल्याखाली घालायला लावलं,” तो म्हणाला. “तो तिथं खात नव्हता. मना कळायला पायजे होतं.”

ठमाबाईने भाकरी परत त्याच्यापुढे सरकवली. मग म्हणाली, “न्हाय कळलं तं न्हाय कळलं. ज्याला कळंल त्याला इचारायला काय झालं? ते अलिबागचे गुरांचे डॉक्टर रेवदंड्याला आलेत. बैलांना टोचतात चावडीपाशी. मी आताच बघितलं.”

येसाजीने भाकरी तशीच ठेवली आणि डोक्याला पागोटं गुंडाळलं.

डॉक्टर दिनानाथ गुप्ते तरुण होते, चष्मा लावायचे आणि सायकलवरून जिल्हा पालथा घालायचे. चावडीपाशी बैलांची रांग लागली होती. येसाजीने बाजूला उभं राहून वाट पाहिली, एक मारका बैल धरायला मदत केली आणि काम आटोपल्यावर सगळी हकिकत सांगितली. आपलं काय चुकलं असं वाटतं, तेही सांगितलं. डॉक्टर हात धुता धुता ऐकत होते.

“तुम्ही परळच्या इस्पितळात होता? बावाजींच्या हाताखाली?” त्यांनी विचारलं. “आम्ही कॉलेजात असताना त्यांना भेटायला जायचो. चला, बघू या तुमची मांजरं. फक्त एक अडचण आहे.”

अडचण कोळीवाड्यात पाऊल टाकताच कळली. मांजर जवळ आलं की डॉक्टरांना शिंका यायच्या. एकदोन नाही, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. पोरंबाळं तोंडावर हात ठेवून हसायला लागली. डॉक्टरही नाकाला रुमाल लावून हसले आणि चार हात लांब एका उपड्या होडीच्या फळीवर टेकले.

“येसाजी, हात तुमचे, विचार माझे,” ते म्हणाले. “तपासा आणि मला सांगा.”

येसाजी एकेक मांजर गोणपाटात घेऊन तपासत होता आणि मोठ्याने सांगत होता. काळीज सुजलेलं, पोट मऊ, जंत नाहीत, ताप नाही. डॉक्टर विचारत होते. गळ्याच्या गाठी? नाहीत. जिभेवर काही? येसाजीने भुरीचं तोंड उघडलं. जिभेच्या कडेला बारीक फोड होते, आणि ओठाच्या केसांत काहीतरी काळं चिकटलेलं.

“तुम्ही म्हणता ती कावीळ मी पाहिलीय,” डॉक्टर म्हणाले. “उंदरांपासून होते, खरं आहे. पण ती कुत्र्यांना गाठते. इथली कुत्री कशी आहेत?”

येसाजीने आजूबाजूला पाहिलं. किनाऱ्यावर कुत्री खेकड्यांच्या मागे धावत होती. ठणठणीत.

“आणि रेवदंड्यातली मांजरं? तुमच्या आळीतली?”

“ती बरी हायत,” येसाजी हळूच म्हणाला.

“म्हणजे रोग लागत नाही. ही मांजरं इथलं काहीतरी खातायत, जे बाकीची खात नाहीत. कोळीवाड्यात यंदा नवीन काय केलं?”

 बायका आठवू लागल्या. तांदूळ तोच, मासळी तीच. इतक्यात डॉक्टर फळीवरून उठले आणि त्यांची विजार टिर्‌र करून मागे ओढली गेली. होडीला चिकटली होती. पोरांना हसू आवरेना. सोनाबाई ओरडली, “आरं देवा, साहेबाला सांगा कोणीतरी, तिला दिलेला रंग अजून ओलाच हाय!”

डॉक्टरांनी मागे हात फिरवून बोटाचा वास घेतला. मग येसाजीपुढे बोट धरलं. येसाजीने वास घेतला. आधी मुशीच्या तेलाचा ओळखीचा उग्र वास आला आणि त्याच्या आड दुसरा, रस्त्याच्या कामावर येतो तसा.

“डांबर,” येसाजी म्हणाला.

धर्माजी आतापर्यंत लांब उभा होता. तो पुढे आला. “मुंबैसून आणलंय. नुसतं मुशीचं तेल लावलं तर लाकडाला किडा लागतो. म्हणून यंदा डांबर तेलात कालवलं नि दोन्ही होड्यांना दिलं. पावसानं सुकत न्हाय लवकर, पण किड्याचा बाप शिरणार न्हाय आत.” बोलता बोलता तो थांबला. डॉक्टर काही बोलण्याआधीच त्याचं त्याला कळलं होतं. “आमची मांजरं होडी चाटतात,” तो म्हणाला. “नेहमीच चाटतात. मुशीच्या तेलासाठी. आणि पावसात सुक्यात निजायला तिच्यावरच चढतात.”

“नुसत्या डांबराला मांजराने तोंड लावलं नसतं,” डॉक्टर म्हणाले. “त्यात तेल होतं म्हणून चाटलं. अंगाला लागलं तेही चाटून साफ केलं. कुत्रं अंगाला लागलेलं वाळू देतं, मांजर ठेवत नाही. आणि डांबर मांजराच्या काळजाला फार वाईट.”

धर्माजी वाळूत बसला. “माज्या हातानं मारला मी बोका.”

येसाजी त्याच्याजवळ गेला आणि शेजारी बसला. “तुला काय ठावं, तांडेला? मी तर बारा गावचं पाणी पिऊन आलो तरी डाली पालथी घालत बसलो.”

डॉक्टरांनी त्यांना फार वेळ बसू दिलं नाही. “जी उरलीत ती वाचवायची आहेत,” ते म्हणाले. “आधी अंगावरचं काढा. पाण्याने निघायचं नाही आणि रॉकेल मुळीच लावू नका. खोबरेल चोळा, फडक्याने पुसा, मग कोमट पाणी आणि साबण. आणि नारळाच्या करवंट्या जाळा. कोळसा वस्त्रगाळ करून पेजेतून द्या. आजच ज्यांनी चाटलंय त्यांच्या पोटातलं विष तो धरून ठेवील.”

“आणि खाणं?” येसाजीने विचारलं.

“ते तुम्ही सांगा. बावाजी मांजरांना काय द्यायचे?”

“उपाशी ठेवायचं न्हाय,” येसाजी म्हणाला, आणि कितीतरी दिवसांनी त्याचा आवाज मोकळा निघाला. “साखर घातलेली पेज, उकडलेल्या मांदेलीचा गर. तेलकट काही न्हाय. थोडं थोडं, पण दिवसभर. खाल्लं न्हाय तर चमच्यानं.”

कोळीवाड्यात त्या दिवशी जी धांदल उडाली तिच्यापुढे होळी फिकी. डाल्यांतून मांजरं बाहेर आली ती सरळ तेलात. कोळणी म्हणजे घोळ मासा कवेत धरणाऱ्या बायका, पण तेल लावलेलं मांजर त्यांच्याही हातून सुळकन निसटायचं. एक मांजर तर अर्धं धुतलेलं माडावर चढलं आणि साबणाचा फेस खाली गाळत बसलं. ठमाबाई बघायला म्हणून आली होती. सोनाबाईच्या हातावर ओरखडे बघून तिने पदर खोचला, लुगड्याचा जाड काठ हाताला गुंडाळला आणि भुरीला मानगुटीपाशी अशी काही धरली की ती गपगार झाली.

“कुठं शिकलीस गं?” येसाजीने विचारलं.

“तुमच्याच ओसरीवर,” ती म्हणाली. “डोळं झाकून बसलेव काय मी?”

डॉक्टर लांबून शिंकत शिंकत कोळसा चाळत होते. त्यांचा चष्मा आणि नाक दोन्ही काळं झालं होतं. ज्या विजारीला डांबर लागलं होतं तिलाही सोनाबाईने खोबरेल लावलं. डाग गेला नाही, तेलाचा मात्र नवा पडला.

धर्माजीने आपल्या दोन्ही होड्यांभोवती जुन्या जाळ्यांचं कुंपण घातलं आणि काटेरी फांद्या रचल्या. लावलेलं खरवडून काढायला वेळ नव्हता. पुढचे दिवस तो स्वतः घरोघर पेजेचं भांडं घेऊन फिरला. येसाजी रोज सकाळी यायचा, कान उलटे करून बघायचा. आणखी दोन म्हाताऱ्या मांजरी गेल्या, त्यांच्यापुढे कोणाचं काही चाललं नाही. पण बाकीच्यांच्या कानांतली हळद हळूहळू फिकी होत गेली. भुरीला सगळ्यांत वेळ लागला. पेज ती ओकायची, औषधाला ओठ मिटून घ्यायची. सोनाबाई तिला मांडीवर घेऊन बसायची आणि बोटाने गर चाटवायची. एके दिवशी येसाजी आला तर सोनाबाई दारात उभी राहून कोणाला तरी ठेवणीतल्या शिव्या घालत होती.

“काय झालं, सोनाबाय?”

“माजा बोंबील पळवला त्या रांडेनं! तव्यावरनं!”

“कोणी?”

“भुरीनं!” असं म्हणून सोनाबाई मटकन उंबऱ्यावर बसली आणि हसता हसता रडायला लागली.

नारळी पुनवेला होड्या पाण्यात गेल्या. जाळ्यांना उंदरांनी केलेली भोकं बायकांनी रात्रंदिवस बसून तुणली होती. धर्माजीने येसाजीला आणि ठमाबाईला मानाने बोलावलं, नारळ देताना शेजारी उभं केलं. पुढच्या पावसाळ्यात त्याने डांबर आणलंच नाही. किडा लागला तर लागला, म्हणाला, फळी बदलता येते.

डॉक्टर गुप्ते त्या दिवसापासून येसाजीचे दोस्त झाले. चौलकडे फेरी असली की सायकल आधी येसाजीच्या दारात. कुत्र्यामांजराचं अवघड दुखणं आलं की दोघं मिळून बघायचे, येसाजीची बोटं आणि डॉक्टरांचं डोकं, आणि मध्ये चार हातांचं अंतर. डॉक्टरांनी त्याला औषधांची मापं नीट शिकवली, कुठलं दुखणं आपल्या हातचं नाही हे ओळखायला शिकवलं. येसाजीने त्यांना काळजाची कड बोटाने शोधायला शिकवली. त्यासाठी सोनाबाईने भुरीला धरलं आणि डॉक्टरांनी नाकाला चिमटा लावला.

हळूहळू येसाजीचं नाव किनाऱ्याने खाली उतरत गेलं. माणगावच्या बाजाराला गेलेले लोक त्याची गोष्ट सांगायचे, मुरुडहून कोणी मांजराची पेटी पाठवायचं. एकदा श्रीवर्धनहून वेणूबाई नावाच्या एक घरंदाज बाई मचव्याने आल्या. बरोबर तांबूस रंगाचा कुत्रा, मोत्या. तो चालत नव्हता, त्याला गडी उचलून आणत होता.

“काही खात नाही हो,” वेणूबाई म्हणाल्या. “सारखा ओकतो. अगदी अशक्त झालाय.”

येसाजीने मोत्याच्या पोटावर हात ठेवला. अशक्तपणा कुठे सापडेना. हात नुसता चरबीत रुतत होता.

“खात न्हाय म्हंजे काय खात न्हाय?” त्याने विचारलं.

“सकाळी साजूक तुपातला शिरा, तो अर्धा टाकतो. दुपारी वरणभात तूप, तोही कसाबसा. मग खरवस केला तर थोडासा. रात्री दूधपोळी.”

ठमाबाई चुलीपाशी पदर तोंडात कोंबून बसली होती.

“बाई,” येसाजी अदबीने म्हणाला, “ह्याला माझ्यापाशी ठेवून जावा. शिमगा झाला की या.”

वेणूबाईंचे डोळे भरले, पण त्या गेल्या. मोत्याने पहिले दिवस रडून काढले. त्याला सकाळ-संध्याकाळ नाचणीची आंबील आणि उकडलेला मासा मिळायचा, ठरलेल्या मापाचा. येसाजी शेतावर निघाला की मोत्या मागे. आधी बांधापर्यंत, मग शेतापर्यंत, मग कोळीवाड्यापर्यंत. तिथे त्याला भुरीच्या एका पिल्लाने नाकावर पंजा मारला, तेव्हा तो जन्मात पहिल्यांदा पळाला. पळता येतं हे कळल्यावर मात्र तो थांबेचना.

वेणूबाई ठरल्याप्रमाणे आल्या तेव्हा किनाऱ्यावर भरती लागलेली होती. मचवा टेकला आणि एक सडपातळ तांबूस कुत्रा वाळूतून उधळत आला, पाण्यात शिरला आणि त्यांच्या कमरेपर्यंत उड्या मारायला लागला. त्या आधी घाबरल्या, मग त्यांनी त्याला ओळखलं.

“अहो, कसलं औषध दिलंत?” त्यांनी ओल्या लुगड्यानेच विचारलं.

“औषध न्हाय दिलं. चालवला.”

“आणि तूप?”

“तूप तुमी खावा, बाई. त्याला मासा द्या, भाकरी द्या, आणि रोज समुद्रावर न्या.”

“मी नेऊ? स्वतः?” वेणूबाईंनी विचारलं. त्या विचारात पडल्या आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर एकदम खोडकर हसू आलं. “आमच्याकडे बायका अशा समुद्रावर जात नाहीत एकट्या. पण डॉक्टरांनीच सांगितलंय म्हटल्यावर कोण काय बोलणार?”

“मी डॉक्टर न्हाय, बाई.”

“तिकडे घरात मी डॉक्टर म्हणूनच सांगणार आहे,” वेणूबाई म्हणाल्या आणि मचव्यात चढल्या. मोत्या त्यांच्या आधी उडी मारून नाळेवर जाऊन बसला होता.